पऱ्हाटीतली अळी खरंच हुशार झाली का?

दसरा होऊन गेला होता. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कमरेच्या वर गेली होती, खालची बोंडं फुटायला लागली होती, आणि मी मोठ्या बाबांसोबत धुऱ्याधुऱ्यानं कामगंध सापळे बघत चाललो होतो. एका सापळ्याची पिशवी त्यांनी उन्हाकडे धरली. तळाशी गुलाबी बोंडअळीचे, करड्या रंगाचे, भाताच्या दाण्याहून थोडे मोठे पतंग पडले होते. आम्ही मोजले, अकरा भरले. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठच्या वर पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हे आता सगळ्यांना पाठ आहे.

मोठे बाबा म्हणाले, "हे अळी आता लय हुशार झाली बाबू. आदी बीटीनं मरे. आता बीटी खाऊनच मोठी होते. तिले सारं समजते."

बीटी म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा कापूस. अळीच्या हुशारीचं मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. अळी हुशार झाली, डास औषधाला सरावले, रानडुकराला झटका मशीन समजते. यातलं डुकराचं मी मान्य करतो, का ते पुढे सांगेन. पण अळीचं नाही. कारण ज्या पिशवीकडे बघून आम्ही हे बोलत होतो, तिच्यातच उलटा पुरावा पडला होता.

सापळ्याच्या झाकणाखाली रबराचा एक तुकडा असतो, खोडरबराच्या अर्ध्याएवढा. गुलाबी बोंडअळीची मादी रात्री जो वास सोडते, तो वास त्या रबरात भरलेला असतो. शास्त्रज्ञांनी १९७३ साली तो ओळखला. जवळजवळ सारख्याच दोन रसायनांचं ते निम्मं-निम्मं मिश्रण आहे. नर पतंगाच्या मिशांवर हा वास टिपणारे बारीक केस असतात. वास लागला की वाऱ्याच्या उलट दिशेनं उडायचं, वास तुटला की आडवं-तिडवं भिरभिरून तो पुन्हा सापडवायचा. नियम एवढाच. या नियमात 'मादी' कुठेच नाही. पतंग मादीला शोधत नाही, वासाला शोधतो. रानात वासाच्या टोकाला नेहमी मादीच असते, म्हणून आजवर त्याचं भागलं. आपण टोकाला रबर ठेवलं, तर तो रबराकडे आला. काल दहा जण पिशवीत पडले हे बघून आज अकरावा थांबला नाही.

आमच्या विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवलेला आहे. रात्री दोनला लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते. वावराला पाणी पाहिजे आहे का कालच पाऊस पडून गेला, हे त्या ऑटोला माहीत नसतं. लाइन आली, चालू झालो, एवढंच त्याचं काम. वर्षातले बहुतेक दिवस ते काम अगदी बरोबर होतं आणि नवख्या माणसाला वाटावं, कोणीतरी जागं राहून काळजी घेतंय.

पण ऑटो माणसानं बनवला. पतंगात हा नियम कोणी बसवला? एवढं बरोबर काम करणारी गोष्ट कोणाच्या तरी अकलेशिवाय कशी तयार होईल? हा प्रश्न मला लहानपणापासून छळत आला आहे. त्याचं उत्तर आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच वावरात, पंधरा वर्षांत घडून गेलं.

भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, आणि २००६ला दोन विषारी प्रथिनांचं दुसरं बियाणं आलं. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं प्रथिन आता पऱ्हाटी स्वतःच तयार करते. अळीनं बोंड खाल्लं की ते प्रथिन तिच्या आतड्यात विरघळतं आणि आतड्याच्या पेशीवर जी विशिष्ट खुंटी असते, तिला जाऊन टांगतं. मग पेशीला भोक पडतं, अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाच्या आतड्यात त्या खुंट्याच नाहीत, म्हणून आपल्याला काही होत नाही.

आता लाखो अळ्यांमध्ये एखादी जन्मतःच वेगळ्या आकाराची खुंटी घेऊन आली. ही अशीच आली, चुकून आली. जीवांची नक्कल उतरताना अशा चुका होतच असतात. बीटी येण्याआधीही अशी अळी जन्मत असेल, पण तेव्हा तिला त्याचा काही फायदा नव्हता. बीटी आल्यावर मात्र बाकीच्या मेल्या आणि ती राहिली. तिची पिल्लं राहिली, पिल्लांची पिल्लं राहिली. यात एकाही अळीनं काही शिकलं नाही. जी मरायची ती मेलीच, तिला दुसरी संधी मिळाली नाही. बदलली ती अळ्यांची वस्ती. जात्यातून दळताना एखादा खडा आख्खा बाहेर पडतो, म्हणून तो खडा हुशार ठरत नाही. फरक इतकाच की खड्याला पिल्लं होत नाहीत.

आणि माझ्या मते हुशारीच्या गोष्टीला खरा धक्का देणारी गोष्ट ही: त्याच पऱ्हाटीवर हिरवी बोंडअळीही येते. विष तेच, वर्षं तीच, वावर तेच. तरी हिरव्या अळीवर बीटी अजून बऱ्यापैकी टिकून आहे आणि गुलाबीवर ढासळलं. गुलाबी अळी जास्त हुशार म्हणून नाही. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टमाटे खाते. तिचे कितीतरी भाऊबंद बीटी कधी न चाखता वाढतात आणि पतंग होऊन बीटीतून वाचलेल्यांशी जुगतात. त्यांच्या पिल्लांत जुनी खुंटी परत येते, आणि ती पिल्लं बीटीला बळी पडतात. गुलाबी अळीला मात्र कापसाशिवाय दुसरं जवळपास काही चालत नाही. कापूस बहुतेक सगळा बीटी झाला, तेव्हा वाचलेल्यांना जुगायला वाचलेलेच उरले.

हे टाळण्यासाठीच बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. धुऱ्याकडेनं ती लावायची होती, म्हणजे जुन्या खुंटीच्या अळ्यांना जगायला जागा राहिली असती. आमच्या घरची पुडी कोठ्यात पडून राहायची. शेजाऱ्यांचीही तशीच. ती कशासाठी आहे हे आम्हाला कोणी समजावून सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. अळीसाठी मुद्दाम कापूस लावायचा, ही गोष्टच कोणाच्या गळी उतरत नव्हती. त्यात वेचण्या झाल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवायची, म्हणजे फरदड घ्यायची सवय. डिसेंबरनंतरही उभी राहिलेली पऱ्हाटी म्हणजे गुलाबी अळीला उन्हाळ्यापर्यंत पोचवणारी बैलबंडीच.

२०१७च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडून बघितली तर आत गुलाबी अळी आणि सडकी सरकी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. त्यामागे कारणं बरीच होती, पण एक गोष्ट मी स्वतः ऐकलेली आहे. अळी हुशार झाली, आता साध्या औषधाला दाद देत नाही, दोन-तीन मिळून मारा. अळी हुशार झाली असं समजलं, की माणूस तिच्याशी भांडायला उतरतो, औषध वाढवतो. अळीची वस्ती बदलली असं समजलं, की माणूस पुडी लावतो, फरदड उपटतो आणि डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेल्या न उमलणाऱ्या कळ्या, तोडून जाळतो. एका शब्दावरून एवढा फरक पडतो, म्हणून मी हे एवढं लांबवलं.

पतंगाच्या वासाचा नियमही असाच बसला आहे, फक्त पंधरा वर्षांऐवजी लाखो वर्षांत. ज्याच्या मिशांना वास जरा जास्त लागला त्याला मादी सापडली. ज्याला लागला नाही तो एकटाच मेला. ठरवणारं कोणी नव्हतं. आणि नियम आंधळा असल्यामुळेच तो वापरून घेता येतो. पऱ्हाटीला वासाचे दोरे बांधले की अख्ख्या वावरात वास भरतो आणि नराला टोकच सापडत नाही. अमेरिकेनं असे दोरे, बीटी आणि विमानातून सोडलेले वांझ पतंग हे सगळं मिळून वापरलं आणि २०१८ साली स्वतःच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं.

कोणाचं वागणं समजून करणं आहे की नियमानं होणं, हे ओळखायची माझी पद्धत साधी आहे. काम नीट चाललं असताना काहीच कळत नाही. मधेच परिस्थिती बदलून बघायची.

फाब्र नावाचे एक फ्रेंच निरीक्षक होते. १८२३ ते १९१५ असं दीर्घ आयुष्य, आणि त्यातला बराच काळ किड्यांपुढे बसून काढलेला. भिंतीवर मातीचं घर करणारी कुंभारीण माशी आपल्याकडे दाराआड हमखास असते, तसलीच त्यांच्याकडेही होती. ती मातीची कोठडी करते, त्यात नांगी मारून लुळे केलेले कोळी भरते, अंडं घालते, तोंड बंद करते आणि शेवटी सगळ्यावर मातीचा लेप देते. फाब्र यांनी लेप चालू असताना अख्खं घरटंच भिंतीवरून काढून घेतलं. माशी चिखल घेऊन आली आणि जिथे घरटं होतं त्या रिकाम्या भिंतीवर लेप देत बसली. दुसऱ्या एकीच्या कोठडीतून त्यांनी अंडं आणि कोळी काढून घेतले, तर ती नवे कोळी आणत राहिली आणि शेवटी रिकामी कोठडी नीट बंद करून निघून गेली. रानात असं घरटं काढून नेणारं कोणी नसतं, म्हणून तिचा नियम पुरतो.

हे वाचलं तेव्हा मला आमची खुडूक कोंबडी आठवली. अंडी काढून घेतली तरी ती रिकाम्या टोपल्यावर बसून राहायची. बदकाची अंडी ठेवली तरी बसायची. आई तिला थंड पाण्यात बुडवून काढायची, पोटाची ऊब गेली की दोन-चार दिवसांत खुडूकपण मोडायचं. आईपणाचं एवढं मोठं सोंग एका संप्रेरकावर आणि पोटाच्या उबेवर चालतं, हे कळल्यावर मला तेव्हा वाईट वाटलं होतं. १९३८ साली लोरेंट्स आणि टिनबर्गन या प्राण्यांचं वागणं अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांनी राखी हंसाबद्दल असंच दाखवलं. घरट्याबाहेर गेलेलं अंडं हंस चोचीनं ओढत आणतो, आणि मधेच अंडं उचलून घेतलं तरी मान तशीच घरट्यापर्यंत ओढत नेतो, चोचीखाली काही नसताना.

पण फाब्र यांचीच दुसरी नोंदही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. जमिनीत बीळ करणारी एक गांधीलमाशी रातकिडा बिळाच्या तोंडाशी ठेवते, आत जाऊन बघून येते, मग त्याला आत नेते. ती आत असताना फाब्र यांनी रातकिडा थोडा दूर सरकवला. माशीनं तो परत तोंडाशी आणला आणि पुन्हा आत तपासायला गेली. असं चाळीस वेळा झालं. पुढे दुसऱ्या एका वसाहतीतल्या माशा मात्र दोन-तीनदा असं झाल्यावर न तपासता रातकिडा सरळ आत घेऊन गेल्या. त्यांच्या नियमात थोडी ढील होती. म्हणजे सगळे किडे सारखेच लोखंडी नसतात.

आता आणखी खाली जाऊ, जिथे डोकं तर नाहीच, एक मज्जातंतूही नाही.

तुरीचं झाड उपटलं की मुळावर गाठी दिसतात. तुरीचं मूळ मातीत एक रसायन सोडतं. ते लागताच रायझोबियम जिवाणू उत्तरादाखल दुसरं रसायन सोडतात. त्यानं मुळावरचा केस वळतो, जिवाणू त्याच्या वेढ्यातून आत शिरतात आणि तिथे गाठ धरते. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला हवेतला नत्र देतात. पुस्तकात याला 'संवाद' लिहितात. मीही मुलांना सांगताना तसंच म्हणतो, कारण मराठीत दुसरा सोपा शब्द नाही. पण तो संवाद म्हणजे कडी आणि कोयंडा. एकाचा आकार दुसऱ्यात बसला, काम झालं. चुकीच्या पिकाचा रायझोबियम लावला तर गाठी धरत नाहीत. कोणी नाराज होत नाही, कडी बसत नाही एवढंच.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय जिवाणू मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा असतो, आणि तो गोडाकडे पोहत जातो. एवढ्याशा अंगाला पुढे गोड जास्त की मागे, हे फारसं कळू शकत नाही. तो वेगळं करतो. शेपट्या एका दिशेनं फिरवल्या की सरळ पोहतो, उलट फिरवल्या की गिरकी घेऊन तोंड कुठेही वळतं. पोहताना गोडी दोन-चार सेकंदांपूर्वीपेक्षा वाढत असेल तर गिरकी उशिरा, नसेल तर लवकर. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत अंधारात नुसत्या वासावर झाड शोधायचं असेल, तर आपणही असेच चालू. मागच्या क्षणाची आठवण तो कुठे ठेवतो? पेशीच्या भिंतीवरच्या प्रथिनांना छोट्या रासायनिक चिठ्ठ्या लागतात आणि निघतात, तीच त्याची आठवण. बर्ग आणि ब्राउन यांनी १९७२ साली सूक्ष्मदर्शकातून एकेका जिवाणूचा माग काढला, तेव्हा पोहण्या-गिरकीची ही रीत उलगडली.

सापळ्यातल्या रबरासारखं पेशींना फसवणारं रबरही सापडलेलं आहे. जखम झाली की पांढऱ्या पेशी जंतूंमागे धावतात. जंतूंच्या प्रथिनांची सुरुवात एका खास रासायनिक टोपीनं होते, तिच्या तुकड्यांच्या मागे त्या जातात. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया फार फार पूर्वी जिवाणूच होत्या, आणि त्यांच्या प्रथिनांवर अजून तीच टोपी आहे. म्हणून बंडीच्या चाकाखाली पाय चेंगरून मुका मार लागला, चामडी फाटली नाही, एकही जंतू आत गेला नाही, तरी फुटलेल्या पेशींमधून ती टोपी सांडते आणि पांढऱ्या पेशी शत्रू आल्यासारख्या धावून येतात. 'पेशीला शत्रू ओळखता येतो' हे वाक्य इथे पडतं. तिला टोपी ओळखता येते.

मराठीत 'कळतं' हा एकच शब्द आपण सगळ्याला लावतो, आणि तिथे घोटाळा होतो. जमणं वेगळं, उमजणं वेगळं, जाणवणं वेगळं. जिवाणूला जमतं. कुंभारीण माशीला पुष्कळ जमतं, उमजत फार थोडं. मात्र उमजत नाही म्हणून जाणवतही नाही, असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. तान्ह्या लेकराला हिशेब उमजत नाही, पण चटका बसला की ते रडतंच.

कावळ्याचंच बघा. कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा ते पिल्लू आपलं म्हणून वाढवतो. उघडी चोच दिसली की घास घालायचा, हा नियम त्याच्याकडून काम करून घेतो. पण अमेरिकेत सिएटलला संशोधकांनी २००६ साली एक विशिष्ट मुखवटा घालून तिथले कावळे पकडले, तर पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा घालून कोणीही गेलं की कावळे ओरडत अंगावर यायचे. ज्यांना पकडलं नव्हतं तेही. तिथली जात वेगळी, तरी कावळ्याच्याच डोक्यात आंधळा नियमही आहे आणि चेहरा लक्षात ठेवणारी बुद्धीही. म्हणून 'प्राणी हुशार की यंत्र' असा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कोणत्या कामात, हे विचारावं लागतं.

विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी नर बांधतो, नाव बाईचं असलं तरी. ती कला उपजत असल्याचं आपण सांगतो, आणि कल तर उपजतच. पण तिच्या आफ्रिकेतल्या भावंडांवर अभ्यास झाला. लहानपणी गवताचे धागे खेळायला न मिळालेल्या पिल्लांना मोठेपणी धड विणता येईना. सराव झालेल्या नरांच्या चोचीतून धागे कमी पडतात, आणि एकच पक्षी प्रत्येक घरटं थोडं वेगळं बांधतो. उपजत आणि शिकलेलं यांत धुरा घातलेला नाही.

लाजाळूवर २०१४ साली एक प्रयोग झाला. कुंड्या पंधरा सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली सोडल्या. सुरुवातीला पानं मिटली, नंतर झाडानं मिटणं सोडलं, आणि महिनाभरानंही ते सोडलेलंच होतं. याला शिकणं म्हणायचं का, यावर अजून वाद आहे. माझं मत असं की शिकणं म्हणावं, जाणीव म्हणू नये. ज्या पेशीत चिठ्ठ्या लागतात-निघतात तिथेही छोटं शिकणं आहेच.

जाणवण्याबद्दल आज शास्त्रज्ञ पूर्वीपेक्षा जास्त उदार झाले आहेत, आणि मला ते योग्य वाटतं. २०१२ साली केंब्रिजला काही मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की सस्तन प्राण्यांना आणि पक्ष्यांना जाणीव असण्यासाठी लागणारी मेंदूतली व्यवस्था आहे. २०२४ साली न्यूयॉर्कच्या जाहीरनाम्यात मासे-बेडकांपासून कीटकांपर्यंत ती शक्यता गंभीरपणे घ्यावी असं म्हटलं. २०२२ साली भुंग्यासारख्या जाड मधमाश्या, त्याबदल्यात काही खायला मिळत नसताना, लाकडी गोळ्या पुन्हा पुन्हा लोळवताना दिसल्या. त्यांना मजा येत होती का, हे गोळ्या मोजून ठरत नाही. पण रबराकडे उडणाऱ्या पतंगाच्या नियमातही ते बसत नाही.

आणि डुक्कर. झटका मशीनच्या तारेला एकदा नाक लागलं की ते दुसऱ्या रात्री तारेपासून लांबून चालतं, लाइन गेलेली असेल तेव्हा आत शिरतं. एकच डुक्कर, त्याच्या स्वतःच्या आयुष्यात बदललं. अळीच्या बाबतीत मेल्या त्या मेल्या. डुकराच्या बाबतीत जे भाजलं तेच शिकलं.

हे सगळं मी मोठ्या बाबांना परतताना बंडीत सांगत होतो. ते बराच वेळ गप्प होते. मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मंग हा बी तुहा ऑटोच काय?"

नाल्यावरचा रपटा आला आणि बैल थांबला. दोन वर्षांआधी याच रपट्यावर त्याचा जोडीदार घसरून पडला होता, पाय मोडला, नंतर वाचला नाही. तेव्हापासून हा इथे थांबतो, पाणी नसलं तरी, उन्हाळ्यातसुद्धा. त्याच्या पोटाची कातडी थरथरत होती.

मोठ्या बाबांनी बैल हाकायची तुतारी बंडीतच ठेवली. ते खाली उतरले, कासरा धरून त्याच्या पुढे रपट्यावर चालू लागले, आणि तो त्यांच्या मागून निघाला.